भूतकाळात गेलेला डॉक्टर

ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ दाखवत. तेव्हा शाळेत असलेल्या वाचकांना कॅप्टन कर्क, टोकदार कानांचा स्पॉक आणि सतत कुरकुरणारे डॉक्टर मॅकॉय हे त्रिकूट अजून आठवत असेल. या मालिकेचा ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’ हा भाग अमेरिकेत ६ एप्रिल १९६७ रोजी पहिल्यांदा दाखवला गेला. कालप्रवासावरच्या टीव्ही कथांमध्ये तो आजही अव्वल मानला जातो. आणि त्यातला सगळा घोटाळा होतो तो डॉक्टरमुळे.

यानाला हिसका बसतो आणि हातातल्या सिरिंजमधलं जबरदस्त औषध मॅकॉय स्वतःलाच टोचून घेतात. त्या भ्रमात ते एका ओसाड ग्रहावर उतरतात आणि तिथल्या एका प्राचीन कमानीतून थेट १९३० सालच्या न्यूयॉर्कमध्ये जाऊन पडतात. तिथे महामंदीच्या दिवसांत गरिबांसाठी अन्नछत्र चालवणारी ईडिथ कीलर नावाची बाई आहे. मूळ इतिहासात ती रस्त्यावरच्या अपघातात मरते. मॅकॉय तिला वाचवतात. वाचलेली ईडिथ पुढे शांततेची चळवळ उभी करते, त्यामुळे अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उशिरा उतरते, अणुबाँब आधी जर्मनीच्या हाती लागतो, आणि कर्कचं यान ज्या जगात बांधलं गेलं ते जगच नाहीसं होतं. मॅकॉयना थांबवायला मागोमाग गेलेला कर्क त्या बाईच्या प्रेमात पडतो, आणि ऐन क्षणी तिला वाचवायला धावलेल्या डॉक्टरला त्यालाच घट्ट धरून ठेवावं लागतं.

कथा म्हणून हे फार प्रभावी आहे. पण जरा हिशेब मांडून पाहा. इतिहास बदलला म्हणून आकाशातलं यान नाहीसं झालं, मग कमानीपाशी उभी असलेली यानातली माणसं जागच्या जागी कशी राहिली? त्यांचे कपडे, यंत्रं, यानाच्या आठवणी सगळं शाबूत. यान कधी बांधलंच गेलं नसेल तर ती माणसं त्या ग्रहावर आली कशाने? त्याहून अवघड प्रश्न मॅकॉय यांचा. यान नसेल तर मॅकॉय भूतकाळात जाणार नाहीत. ते गेले नाहीत तर ईडिथ मरेल. ती मेली की यान असेल, यान असलं की मॅकॉय जातील, गेले की ती वाचेल. हे चक्र कुठेच थांबत नाही.

या अडचणीला ‘आजोबांचा विरोधाभास’ म्हणतात. भूतकाळात जाऊन आपल्याच आजोबांना लग्नाआधी मारलं तर मारणारा जन्मणार कुठून? फ्रेंच लेखक रने बार्जाव्हेल यांच्या चाळीसच्या दशकातल्या कादंबरीत हे कोडं ठळकपणे आलं. तेव्हापासून टीव्हीवरची जवळजवळ प्रत्येक कालप्रवासाची मालिका या दगडाला कधी ना कधी ठेचकाळली आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. माझी तक्रार त्या कमानीबद्दल नाही. विज्ञानकथेच्या लेखकाला एक अशक्य गोष्ट माफ असते. शिवाय भौतिकशास्त्रानेही हे दार अगदी कडी लावून बंद केलेलं नाही. भविष्याकडचा प्रवास तर रोज घडतो. अवकाश स्थानकात सहा महिने राहून परतलेला अंतराळवीर आपल्यापेक्षा सेकंदाच्या साधारण दोनशेव्या भागाने कमी म्हातारा झालेला असतो. भूतकाळाचं म्हणाल तर १९४९ मध्ये कुर्ट गोडेल या गणितज्ञाने आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून एक असं विश्व काढून दाखवलं, ज्यात पुढे पुढे जाणारा प्रवासी आपल्याच भूतकाळात पोहोचतो. आपलं विश्व तसं दिसत नाही, ही गोष्ट वेगळी. स्टीफन हॉकिंग यांना भूतकाळाची वाट निसर्गच अडवत असणार असं वाटे. २८ जून २००९ रोजी त्यांनी केंब्रिजमध्ये कालप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली आणि निमंत्रणं मेजवानी उरकल्यावर जाहीर केली. कोणी आलं नाही.

आणखी एक आक्षेप हौसेने घेतला जातो. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला तीसेक किलोमीटर वेगाने फिरते, तेव्हा एक दिवस मागे गेलेला माणूस पृथ्वीपासून २६ लाख किलोमीटर दूर पोकळीत लोंबकळेल, असा. ऐकायला बिनतोड वाटतो, पण मला तो लंगडा वाटतो. विश्वात ‘अमुक जागा स्थिर’ असं सांगणारा खुंटा नाही, त्यामुळे ‘त्याच जागी’ म्हणजे नेमकं कुठे, हे आक्षेप घेणाऱ्यालाही सांगता येत नाही. तो सोडून देऊ.

खरी गफलत यंत्रात नसते, कार्यकारणाच्या जमाखर्चात असते. आम्हा डॉक्टरांना ही गोष्ट लवकर खुपते, कारण आमचं निम्मं काम म्हणजे कशाच्या आधी काय झालं हे पाहणं. ताप सकाळी उतरला आणि प्रतिजैविकाचा पहिला डोस दुपारी दिला, असं केसपेपरवर दिसत असेल तर ताप उतरल्याचं श्रेय त्या औषधाला देता येत नाही. मालिकांचा केसपेपर असा तपासला की बहुतेक ठिकाणी वेळा जुळत नाहीत.

काही लेखक यातून सुटायला कडक नियम लावतात. भूतकाळात जा, पण तिथे तुम्ही जे कराल ते आधीच झालेलं आहे. तुम्ही काहीही बदलू शकत नाही. तर्काच्या दृष्टीने हा नियम स्वच्छ आहे. तो सर्वात नेटाने पाळू पाहणारी मालिका म्हणजे २०१७ ते २०२० या काळात आलेली जर्मन मालिका ‘डार्क’. (पाहिली नसेल आणि पाहायची असेल, तर पुढचे तीन परिच्छेद गाळा.) विंडेन नावाच्या गावात तेहतीस वर्षांच्या अंतराने, २०१९, १९८६, १९५३ अशी माणसं मागेपुढे जातात आणि जे टाळायला गेलो तेच आपल्या हातून घडलं, हे त्यांना कळत जातं. त्यात शार्लोट नावाची पोलीस अधिकारी आहे. तिची धाकटी मुलगी एलिझाबेथ. पुढे ही एलिझाबेथ मोठी होते, तिला मुलगी होते, ती तान्ही मुलगी भूतकाळात नेली जाते आणि तीच शार्लोट म्हणून वाढते. म्हणजे दोघी एकमेकींच्या आई आणि एकमेकींच्या मुली.

प्रेक्षक इथे नात्यांनी चक्रावतात. मी जनुकांनी चक्रावलो. आपल्या पेशींमधल्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, यांचा स्वतःचा छोटा डीएनए असतो. १६,५६९ अक्षरांचा आणि ३७ जनुकांचा. तो व्यवहारात फक्त आईकडून येतो, वडिलांकडून नाही. म्हणून त्याच्या आधारे आईची आई, तिची आई असं हजारो वर्षं मागे जाता येतं. आता शार्लोटचा हा डीएनए एलिझाबेथकडून आला. एलिझाबेथचा शार्लोटकडून. मग तो मुळात आला कुठून? कुठूनच नाही. पेशीकेंद्रातल्या डीएनएत निदान दोघींच्या वडिलांचा वाटा तरी मिसळतो. इथे ते दारही बंद. त्या दोघींमध्ये एक पूर्ण, चालता, नीट लिहिलेला जनुकसंच फिरतो आहे, आणि त्याला एकही पूर्वज नाही. शिवाय डीएनएची नक्कल होताना कधीतरी चूक होतेच. साखळी सरळ असेल तर ती चूक पुढच्या पिढीत जाते. वर्तुळ असेल तर फेरी पूर्ण झाल्यावर ते अक्षर जसंच्या तसं परत यायला हवं, नाहीतर शार्लोट स्वतःसारखी राहणार नाही. इतक्या बिनचूक नकलेची हमी जीवशास्त्र देत नाही.

दोन पर्वं हा कडक नियम सांभाळणाऱ्या ‘डार्क’ने शेवटी मात्र पाय मागे घेतला. मूळ जगात जाऊन नायक-नायिका एक अपघात टळवतात. त्यामुळे त्यांची स्वतःची दोन्ही जगं कधी निर्माणच होत नाहीत आणि ते दोघं हवेत विरून जातात. मग अपघात टाळला कोणी? काळ क्षणभर थांबतो तेव्हा पळवाट सापडते, असं स्पष्टीकरण आहे. मला ते ओढूनताणून आणलेलं वाटलं. बघताना घसा दाटून आला हेही खरं. मॅकॉयच्या दगडाला बावन्न-त्रेपन्न वर्षांनी पुन्हा तीच ठेच.

ज्याला उगम नाही अशा ज्ञानाचं उत्तम उदाहरण ब्रिटनच्या ‘डॉक्टर हू’मध्ये आहे. (हा डॉक्टर आमच्यातला नव्हे.) १९६३ पासून चालत आलेल्या या मालिकेच्या २००७ मधल्या ‘ब्लिंक’ या भागात सॅली स्पॅरो नावाची मुलगी एका डीव्हीडीवरच्या चित्रफितीशी चक्क संभाषण करते. १९६९ सालात अडकलेला डॉक्टर पडद्यावरून तिच्या प्रत्येक प्रश्नाला बरोबर उत्तर देतो, कारण या संभाषणाची लिखित प्रत त्याच्यापुढे असते. ती प्रत तिचा मित्र त्याच संभाषणाच्या वेळी तयार करतो आणि पुढे सॅली ती डॉक्टरला देते. सॅलीची वाक्यं सॅलीला सुचली हे समजू शकतो. पण डॉक्टरने फक्त वाचून दाखवलं, मित्राने फक्त उतरवून घेतलं. डॉक्टरची वाक्यं सुचली कोणाला? या प्रश्नाकडे लक्ष जाण्याआधीच भाग संपतो, इतका तो वेगवान आहे. बाकी याच मालिकेत काळात कुठेही जाणारी पेटी हाताशी असताना सगळे सतत धावपळ का करतात, हे मला कधीच कळलेलं नाही. उशीर होत असेल तर काल निघा.

तिसरी वाट म्हणजे फाटे फुटणारी जगं. बदल करा, पण बदललेलं जग वेगळं. मूळ जग जिथल्या तिथे. मराठी वाचकाला यासाठी परदेशी मालिकेची गरज नाही. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये प्राध्यापक गायतोंडे अशा जगात जाऊन येतात जिथे पानिपतची लढाई मराठे जिंकले आहेत. ती कालप्रवासाची कथा नव्हे, पण तर्क तोच, आणि त्यात आजोबांना मारण्याचा घोळ उरत नाही. मालिकांना ही वाट फारशी मानवत नाही, आणि त्याचं कारणही उघड आहे. ईडिथला दुसऱ्या जगात वाचवून पहिल्या जगातली ईडिथ मेलेलीच राहणार असेल, तर प्रेक्षक रडेल कशासाठी?

आता माझ्या आवडीच्या मालिकेकडे येतो. २००९ मध्ये जपानमध्ये ‘जिन’ ही मालिका आली, मोतोका मुराकामी यांच्या चित्रकथेवर आधारलेली. मेंदूचा एक शल्यचिकित्सक आजच्या टोकियोतून १८६२ च्या एदोमध्ये जाऊन पडतो. तो डोक्याला मार लागलेल्यांवर शस्त्रक्रिया करतो, कॉलराच्या साथीत रुग्णांच्या शरीरातलं पाणी भरून काढतो आणि बुरशीपासून पेनिसिलिन तयार करतो. टीव्हीवरच्या डॉक्टरांच्या मानाने त्याची वैद्यकी बरीच नेटकी आहे. तरी पेनिसिलिनशी मी अडखळलो.

खरा इतिहास असा. फ्लेमिंग यांनी लंडनमध्ये १९२८ साली बुरशीचा परिणाम पाहिला. पण औषध म्हणून ती हाती यायला बारा-तेरा वर्षं गेली. ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी भांडी, बाटल्या, अगदी रुग्णालयातली बेडपॅनसुद्धा वापरून ती वाढवली. फेब्रुवारी १९४१ मध्ये चेहऱ्यावर भयंकर जंतुसंसर्ग झालेल्या एका पोलिसाला पेनिसिलिन दिलं. काही दिवसांत तो झपाट्याने सुधारला. मग साठा संपत आला. त्याच्या लघवीतून बाहेर पडणारं पेनिसिलिन गाळून पुन्हा त्यालाच टोचलं, तेही पुरलं नाही, आणि मार्चमध्ये तो दगावला. काय करायचं हे जगात सर्वात चांगलं माहीत असलेली माणसं त्याच्या उशाशी होती. कमी पडलं ते औषधाचं प्रमाण. पुढे अमेरिकेत पिओरिया इथे मक्यापासून उरणाऱ्या द्रावावर आणि बाजारात मिळालेल्या एका सडक्या खरबुजावरच्या बुरशीवर काम झालं, मोठमोठ्या टाक्या आल्या, तेव्हा कुठे ते मुबलक झालं. ‘जिन’चा डॉक्टर ज्ञान घेऊन मागे गेला. पण निर्जंतुक काच, बारीक सुया, थंड साठवण, शुद्ध रसायनं, रुग्णाला किती मात्रा मिळाली हे मोजायची सोय, हे सगळं त्याच्यासोबत मागे गेलं नाही. एका माणसाच्या डोक्यात मावणारं वैद्यक फार थोडं असतं. मालिकाकारांनाही याची जाणीव असावी. सोया सॉस बनवणाऱ्यांची मदत ते कथेत आणतात. आंबवण्याच्या कामात मुरलेली माणसं शोधणं, हे मला त्यातलं सर्वात शहाणपणाचं पाऊल वाटलं.

पण ‘जिन’मध्ये दुसरी एक कल्पना आहे: इतिहास स्वतःला दुरुस्त करतो. त्याने वाचवलेली एक आई पुढे एका सामुरायच्या तलवारीला बळी पडते. ती मरायची होतीच, म्हणून मेली. अशी दुरुस्ती करायची तर इतिहासाला प्रत्येक माणसाची यादी ठेवावी लागेल आणि कोण यादीबाहेर जगतो आहे हे रोज तपासावं लागेल. कार्यकारणाच्या जागी इथे एक अदृश्य कारकून बसवला आहे. आणि हा कारकून माणसं मोजतो, जंतू नाही. त्या बाईने बरी झाल्यावर किती जणांना काय खाऊ घातलं, कोणाला कोणता संसर्ग दिला, हे बदल त्याच्या हिशेबातच नाहीत.

‘कारण नंतर आणि परिणाम आधी’ हा प्रकार फक्त टीव्हीवर घडतो असं समजू नका. २००१ च्या डिसेंबरात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इस्रायलच्या लिओनार्ड लायबोव्हिची यांचा एक शोधनिबंध आला. १९९० ते १९९६ या काळात रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या ३,३९३ रुग्णांचे कागद त्यांनी घेतले. जुलै २००० मध्ये चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत विभागणी केली आणि एका गटासाठी प्रार्थना करवली. म्हणजे रुग्ण घरी गेल्यावर किंवा दगावल्यावर चार ते दहा वर्षांनी. मृत्यूंत ठोस फरक दिसला नाही. पण प्रार्थना लाभलेल्या गटाचे ताप लवकर उतरलेले आणि रुग्णालयातले दिवस कमी निघाले, संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीला उतरतील इतके. त्यावर पत्रांचा पाऊस पडला. लायबोव्हिचींना प्रार्थनेवर बोलायचंच नव्हतं. ज्याला कार्यकारणाचा आधार नाही त्या गोष्टीची आकडेवारी कितीही सुबक आली तरी तिचं करायचं काय, हे त्यांना दाखवायचं होतं.

याहून बेमालूम चूक रोजच्या संशोधनात शिरते. ऑस्कर मिळवणारे नट-नट्या इतरांपेक्षा जवळपास चार वर्षं जास्त जगतात, असा निष्कर्ष २००१ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी तो उचलला. गोम अशी की साठाव्या वर्षी ऑस्कर मिळालेल्याची पहिली साठ वर्षंही विजेत्यांच्या खात्यात धरली होती. त्या साठ वर्षांत तो मरणं शक्यच नव्हतं. मेला असता तर विजेता झाला नसता. २००६ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी विजयाच्या दिवसापासून मोजलं तेव्हा चारच्या जागी एखादंच वर्ष उरलं, आणि तेही योगायोग म्हणण्याइतकं. या चुकीला ‘अमर काळा’ची चूक म्हणतात. नवं औषध घेणारे जास्त जगले असं सांगणारी बातमी वाचाल, तेव्हा औषध सुरू होईपर्यंतचे महिने कोणाच्या खात्यात धरले, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

आणि तिसरा कालप्रवास आमच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर चालतो. सरकारी रुग्णालयात तो रोज दिसतो. “डॉक्टरसाहेब, काल रात्रीच आणलं असतं तर?” विचारणारा नवरा असतो, मुलगा असतो, पुष्कळदा सासू असते. ते मनाने काल रात्रीत गेलेले असतात. तिथे ते एकच गोष्ट बदलतात आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवतात. त्यांच्या त्या रात्रीत गाडी लगेच मिळते, रस्ता मोकळा असतो, रक्तपेढीत हवी ती पिशवी असते. आणि मुख्य म्हणजे, आज सकाळी जे कळलं ते त्यांना काल रात्रीच माहीत असतं. कमानीपाशी उभ्या असलेल्या माणसांसारखीच त्यांची आठवणही शाबूत राहते. बरूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये प्रयोगांनी दाखवलं की निकाल कळल्यावर तो आधीपासूनच दिसत होता असं माणसाला वाटू लागतं, आणि आपल्याला असं वाटतं आहे हे त्याला जाणवतही नाही. काल रात्री त्या सुनेचं फक्त डोकं दुखत होतं. डोकेदुखीने रात्री अकराला कोण जीप शोधतं?

मी त्यांना विज्ञानकथा सांगत बसत नाही. काल रात्री तुम्हाला काय दिसत होतं, एवढंच विचारतो आणि ते सांगतील ते ऐकून घेतो. कधी उत्तर खरंच ‘हो, लवकर आणलं असतं तर फरक पडला असता’ असं असतं. तेव्हा खोटंही सांगत नाही.

पण तोच प्रश्न सरळ विचारण्याची एक जागा आहे. बाळंतपणात किंवा त्यानंतर बाई दगावली की माता मृत्यू अन्वेषणाची बैठक होते. तिथे थॅडियस आणि मेन या दोघींनी १९९४ मध्ये मांडलेली तीन विलंबांची चौकट वापरली जाते: दवाखान्यात जायचं ठरवायला झालेला उशीर, पोहोचायला झालेला उशीर, आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला झालेला उशीर. कागदावर तिन्हींचे रकाने असतात, वेळेसकट. नवऱ्याच्या मनातली रात्र सगळी पहिल्या रकान्यात असते. बैठकीत आम्ही दुसरा भरतो, मग तिसरा, आणि तिसऱ्याशी येऊन खोलीतले आवाज थोडे खाली येतात, कारण तो रकाना आमचा असतो.